देवाचं प्रेम स्वीकारायचं म्हणजे रोज नक्की काय करायचं

योहान ३:१६, म्हणजे देवाने जगावर एवढं प्रेम केलं की आपला एकुलता एक पुत्र दिला हे वचन, मला सात वर्षांची असल्यापासून पाठ आहे. संडे स्कूलच्या नाताळच्या कार्यक्रमात स्टेजवर म्हणून दाखवलं आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली, ती अजून माहेरी कपाटात आहे. ते वचन खरं आहे यावर मी कधी शंका घेतली नाही. पण काही वर्षांपूर्वी आई आयसीयूत होती आणि रात्री दोन वाजता मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसले होते तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की गेले दोन महिने मी सकाळची प्रार्थना बुडवली ना, म्हणून हे झालं. म्हणजे देवाने जगावर प्रेम केलं हे मला मान्य होतं, माझ्यावर मात्र तो कायम थोडासा नाराज असतो आणि वेळ आली की हिशोब काढतो असं मी तीसेक वर्षं आत कुठेतरी धरून बसले होते आणि माझं मलाच ते माहीत नव्हतं.

आई त्यातून बरी झाली, पण तो जिना डोक्यातून गेला नाही. त्यानंतर मी जे करत गेले, चुकत गेले, पाळकांना विचारत गेले, त्यातून चार आठवड्यांचा एक क्रम तयार झालाय. आमच्या महिला मंडळातल्या काहीजणींनी तो केला, कुणी अर्ध्यात सोडला आणि परत धरला. तोच इथे लिहितेय. देवाला शोधायची सुरुवात कुठून करू असं पहिल्यांदाच विचारणाऱ्यांनाही चालेल, पण माझ्या डोळ्यासमोर आहेत ते जन्मापासून चर्चमध्ये असणारे लोक, ज्यांना सगळी गीतं पाठ आहेत आणि तरी देवासमोर बसलं की हेडमास्तरांच्या केबिनबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

पायरी १: आपलं मोलकऱ्याचं वाक्य शोधा

लूक १५ मधला धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेऊन जातो, सगळं उधळतो आणि मग डुकरांजवळ बसून, घरी गेल्यावर काय बोलायचं त्याची तयारी करतो. १८ आणि १९ वं वचन बघा. मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. आता २१ वं वचन वाचा. बापासमोर तो पहिल्या दोन गोष्टी बोलतो, तिसरी येतच नाही, कारण बाप मधेच चाकरांना झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा म्हणून सांगायला लागतो. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल, पण ही वचनं शेजारी शेजारी ठेवून कधी वाचली नव्हती. कबुली बाप ऐकून घेतो. मजुरीचा अर्ज तेवढा घेत नाही.

आपण सगळे तो अर्ज खिशात घेऊन फिरतो. मोलकऱ्याचं काम कसं समजायला सोपं, आज राबलो तर आज मजुरी, उद्या चुकलो तर उद्या खाडा. लेकरू म्हणून आत जायचं तर मात्र फुकट घ्यावं लागतं, आणि तेच जड जातं.

तर एक साधी वही घ्या, दोनशे पानी नको, छोटी पुरे. वर लिहा, "देव माझ्यावर खूश असेल, जर मी..." आणि हे वाक्य न थांबता दहा वेळा पूर्ण करा. पहिली तीन चार वाक्यं चर्चमध्ये बोलतो तशी येतात, रोज बायबल वाचलं तर, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, वेळेवर दिला तर वगैरे. सातव्या आठव्यापासून खरं बाहेर पडायला लागतं. एका बहिणीने लिहिलं होतं, "माझा मुलगा दारू सोडेल तर." माझं होतं, "मी कधीच दमले नाही तर." जे लिहिताना पेन अडखळतं त्याभोवती गोल करा, तारीख टाका, आणि वही कुणाला दाखवू नका.

हे वाक्य सापडलं म्हणजे आपण वाईट ख्रिस्ती आहोत असं कृपा करून समजू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. संस्कृतवर असा अधिकार की कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हटलं, त्या बाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाल्यावरही त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. आठ वर्षं! आणि तोवर त्या काही रिकाम्या बसल्या नव्हत्या, १८८९ ला शारदा सदन सुरू केलेलं होतं, विधवा मुलींसाठी दिवसरात्र राबत होत्या. इतकं चांगलं काम हातून होत असतानाही आतली ती जागा रिकामी असू शकते, हे त्यांनी लपवलं नाही याबद्दल मला त्यांचे फार आभार मानावेसे वाटतात.

पायरी २: जागा आणि वेळ

मत्तय ६:६ मध्ये येशू म्हणतो खोलीत जा, दार लाव. आता वन बीएचकेमध्ये सहा माणसं असली तर खोली कुठली आणि दार कुठलं. पाणी यायच्या आधीची पंधरा मिनिटं, मुलांना क्लासला सोडल्यावर पार्किंगमध्ये गाडीवर बसून, एसटीत खिडकीची सीट, गच्चीत टाकीशेजारी, कुठेही चालतं. एकच ठेवा की जागा तीच आणि वेळ साधारण तीच, कारण चौथ्या पाचव्या दिवशी मन आपोआप तिथे शांत व्हायला लागतं.

पंधरा मिनिटं पुरेत. पहिल्या उत्साहात एक तास ठरवू नका, तो तास तीन दिवसांत मोडतो आणि मग तेच मोलकऱ्याचं वाक्य परत वर येतं की बघ, तुझ्याच्याने एवढंही होत नाही. मोबाइलवरचं बायबल वाईट नाही, पण या चार आठवड्यांसाठी तरी छापील घ्या, अॅप उघडलं की वर फॅमिली ग्रुपचे गुड मॉर्निंग येतच राहतात. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. बुडाला, बस. उद्या परत पंधरा मिनिटं.

पायरी ३: वाचायचं काय आणि कसं

पहिला आठवडा फक्त लूक १५:११ ते ३२. सात दिवस तेच. कंटाळा येईल, येऊ द्या, कारण ओळखीच्या गोष्टीवरून नजर घसरत जाते आणि ती थांबायला चार दिवस लागतातच. मोठ्याने वाचा, हळू वाचा, आणि पेन्सिलने फक्त बापाने केलेल्या गोष्टी अधोरेखित करा. बघितलं, कळवळला, धावला, गळ्यात पडला. मुलाने काय केलं त्याखाली रेघ मारायची नाही. आपल्याला सवय असते कुठलाही उतारा वाचला की "यातून मी काय करायला पाहिजे" एवढंच काढायची, ती सवय मोडायला ही पेन्सिल.

दुसऱ्या आठवड्यात जुना करार घ्या: उत्पत्ती १६ (रानात एकटी पडलेली हागार, आणि ती देवाला नाव देते, मला पाहणारा देव), यशया ४३:१ ते ७, यशया ४९:१४ ते १६, होशेय ११:१ ते ४, स्तोत्र १३९. होशेयचा उतारा आईवडील झालेल्यांनी तर वाचाच, देव म्हणतो एफ्राइमला चालायला मी शिकवलं, हाताला धरून. तिसऱ्या आठवड्यात लूक १९ मधला जकातदार जक्कय, योहान ४, १३ आणि २१. चौथ्यात रोमकरांस पत्र ५:६ ते ८ आणि ८:३१ ते ३९, आणि १ योहान ४:७ ते १९.

पवित्र शास्त्राची जुनी मराठी जड वाटत असेल तर शेजारी सोप्या मराठीतलं भाषांतर ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. रमाबाईंनी तरी काय केलं, केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्या शिकलेल्या बायकांना कळावं म्हणूनच, आणि १९२२ मध्ये जायच्या आधी ते काम पुरं केलं.

जे पहिल्यांदाच हातात घेतायत त्यांनी लूकच्या आठवड्याआधी मत्तय ५ ते ७ वाचलं तर छान. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला होता, दिलेल्या शब्दाखातर वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या त्या प्रवचनापाशी येऊन ते अडकले ते अडकलेच. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा.

पायरी ४: घरातल्या भाषेत बोला

आमच्याकडे प्रार्थना सुरू झाली की आवाज बदलतो. "हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्र होऊन" असं लांब लांब. सभेत ते ठीक आहे, मला ती भाषा आवडते पण. एकट्याने बोलताना मात्र तिच्या आड लपता येतं. स्वयंपाकघरात ज्या भाषेत बोलता त्या भाषेत पाच मिनिटं बोलून बघा. नगरी असेल तर नगरी, कोल्हापुरी असेल तर तशी. "आज फार वैताग आला देवा, साहेब सगळ्यांसमोर बोलले मला." एवढीसुद्धा प्रार्थना आहे.

मराठीत आपल्याला एक गोष्ट आयती मिळालीय ती कधी लक्षात येत नाही. कितीतरी घरांत वडिलांना अहोजाहो करतात, आईला मात्र तू. आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण पित्याला काय म्हणतो, तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा. म्हणजे आईला जे म्हणतो तेच. मी वडिलांना आयुष्यात कधी तू म्हटलं नाही, आणि देवाला रोज म्हणत आलेय आणि त्याचा अर्थ चाळिशीला आल्यावर कळला.

"पिता" हाच शब्द ज्यांना टोचतो, म्हणजे वडील मारायचे, प्यायचे किंवा सोडूनच गेले, त्यांनी त्या शब्दावर स्वतःशी जबरदस्ती करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. यशया ४९:१५ आणि ६६:१३ मध्ये देव स्वतःला आईच्या जागी ठेवून बोलतो. टिळकांनीही आपल्या कवितांत ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारलीय. तिथून सुरुवात करा, बाप शब्द हळूहळू बरा होतो, काहींचा वर्षानुवर्षं होत नाही, तरी चालतं.

बोलून झालं की दोन मिनिटं गप्प बसा. त्या दोन मिनिटांत आवाज ऐकू येईल, अंग शहारेल असली अपेक्षा धरू नका. येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा "तू माझा प्रिय पुत्र" हे शब्द आले ते एकही प्रवचन, एकही चमत्कार व्हायच्या आधी (मार्क १:११). ते वचन मनात एकदा म्हणा आणि नुसते बसा.

पायरी ५: कबुली एकदाच, हप्त्याने नाही

प्रेम स्वीकारायचं म्हणजे पापावर पांघरूण घालायचं असं काही नसतं. धाकटा मुलगा कबुली देतोच. फरक इतकाच की आपण एकच पाप वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने कबूल करत राहतो, दर प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि पेला घेतो तेव्हा, तेच, जणू कर्ज फिटलंच नाही.

कसं करायचं ते सांगते. गोलमोल बोलू नका, नाव घेऊन सांगा, "मी अमुक दिवशी जावेबद्दल खोटं बोलले." मग १ योहान १:९ मोठ्याने वाचा, पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो असं ते वचन आहे. मग वहीत तारीख लिहा. तेच परत मनात आलं की नव्याने माफी मागायची नाही, ती तारीख बघायची आणि आभार मानायचे. कॅथलिक असाल तर कुमसारला, म्हणजे धर्मगुरूंसमोर पाप कबूल करायला जा, दुसऱ्या माणसाच्या तोंडून क्षमेचे शब्द कानावर पडतात त्याचा फार आधार होतो, आणि आमच्यासारख्या प्रोटेस्टंट लोकांनीही विश्वासाच्या एखाद्या पाळकाशी किंवा वडीलधाऱ्या बाईशी बोलायला काय हरकत आहे.

भरपाई करायची असेल तर करायचीच, पैसे घेतले असतील तर परत द्या, मन दुखावलं असेल तर जाऊन बोला. पण क्रम जक्कयचा ठेवा. येशू आधी त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, लुबाडलेलं चौपट परत द्यायचं जक्कय नंतर बोलला.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. आंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी त्याने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, आणि योहान २१ मध्ये किनाऱ्यावर परत कोळशाचीच शेकोटी आहे, वर मासे भाजतायत. येशू आधी म्हणतो या, न्याहारी करा. पोट भरल्यावर मग तीन प्रश्न, आणि तिन्ही प्रश्न प्रेमाबद्दल. मला हा उतारा वाचताना दर वेळी भरून येतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगायला पाहिजे. देव क्षमा करतो म्हणून तूही कर आणि परत नांदायला जा, असं मार खाणाऱ्या बाईला सांगणारे लोक आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. ते चूक आहे. मनातला राग देवाकडे सोपवणं वेगळं आणि जिवाला धोका असलेल्या घरात परत जाणं वेगळं.

पायरी ६: पाय धुऊ द्या, आणि डबा रिकामा परत करा

योहान १३ मध्ये पेत्र म्हणतो माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. वाचायला नम्रपणा वाटतो, पण येशू ते चालवून घेत नाही. मी न धुतलं तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही, इतकं सरळ सांगतो. घेणं हे देण्याइतकंच शिकावं लागतं, आणि बायकांना तर जास्तच, आपल्याला आयुष्यभर वाढायला शिकवलेलं असतं.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात हा अभ्यास करा. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, निदान साखर तरी घालून द्यायची. फार सुंदर रीत आहे, मी ती मोडा म्हणत नाहीये. पण एकदा, एकदाच, कुणी काही पाठवलं तर डबा स्वच्छ धुऊन, रिकामा, "फार छान झालं होतं" एवढंच म्हणून परत द्या. बघा आत काय काय होतं ते. मी वांग्याच्या भरिताचा डबा असा परत दिला तेव्हा जिना उतरेपर्यंत मला कसंतरी होत होतं, काहीतरी देणं राहिलंय असं. तेच ते, देवासमोर रोज होतं ते, फक्त या वेळी हातात धरून बघता आलं. कुणी बसायला जागा दिली तर नको नको न म्हणता बसा. आजारी असताना कुणी केस विंचरून देतो म्हणालं तर विंचरू द्या.

प्रभुभोजनाचं पण इथेच बोलते, कारण यावर मी बरीच रडलेय. आमच्याकडे कितीतरी लोक भाकर आणि पेला घ्यायला उठतच नाहीत, मी योग्य नाही म्हणून. कारण १ करिंथ ११:२७, अयोग्य प्रकारे खाल्लं तर दोषी. पण पूर्ण उतारा वाचा, २० व्या वचनापासून. करिंथात काय चाललं होतं, खाऊनपिऊन सुखी असलेले लोक आधीच जेवून घेत होते, एखादा तर पिऊन तर्र, आणि गरीब उपाशी राहत होते, त्यांना लाज आणली जात होती. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा राग त्या वागण्यावर आहे. आणि २८ व्या वचनात तो काय म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून बाकावर बसून राहावं असं तिथे लिहिलेलं नाही. लायक माणसांसाठीच ते टेबल असतं तर येशूने पहिल्यांदा शिष्यांना ती भाकर दिली त्या रात्री माडीवरच्या खोलीत कोण उरलं असतं? पेत्रही तिथेच होता. तुमच्या मंडळीचे नियम असतील ते पाळा, कुणाशी भांडण असेल तर मिटवायला निघा, पण नुसतं "मी कुठली योग्य" म्हणून बसला असाल तर पुढच्या वेळी उठा. हात पुढे करताना तळवा वर ठेवा, त्यात काही नसतं, घ्यायलाच आलेला असतो तो हात.

काहीच वाटत नसेल तर

होईल असं, दुसऱ्या आठवड्यात बहुतेक होतंच. वाचताय, बसताय, आणि आत एकदम कोरडं. तेव्हा स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, आणि त्याहून वाईट असेल तर स्तोत्र ८८, ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेड वगैरे काही नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. म्हणजे तसं बोलायची परवानगी आहे.

आणि १ राजे १९ वाचा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा ठेवतो. तो खातो, परत झोपतो, परत उठवून परत खायला घालतो, कारण वाट तुला झेपायची नाही म्हणतो. होरेब डोंगरावरचा देवाचा तो मंद आवाज त्यानंतर पुष्कळ दिवसांनी. म्हणून झोप किती झाली, जेवण वेळेवर आहे का, हे प्रश्न आध्यात्मिक आहेत असं मी मानते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. विश्वास कमी पडला म्हणून डिप्रेशन येतं असं कुणी म्हणालं तर त्यांना हा अध्याय वाचायला द्या. आणि दुखणं आलं म्हणजे कुठल्यातरी पापाची शिक्षा असा हिशोब मांडणाऱ्यांना योहान ९:३. शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, आणि तो नाही म्हणाला. जिन्यात मला ते वचन कुणीतरी सांगायला हवं होतं.

सेवा करणाऱ्यांसाठी थोडंसं

क्वायर, संडे स्कूल, महिला मंडळ, सगळीकडे आपणच असतो ना. लूक १५:२९ मधला मोठा भाऊ म्हणतो मी इतकी वर्षं तुमची चाकरी केली. घरातच राहून तोही मोलकरीच झालाय. या चार आठवड्यांत एक जबाबदारी सोडा, कायमची नको, महिनाभर दुसऱ्याला द्या. आणि त्या रविवारी मागच्या बाकावर बसून नुसती उपासना करा.

चौथा आठवडा संपला की वहीचं पहिलं पान उघडा. गोल केलेलं वाक्य वाचा आणि त्याखाली रोमकरांस ५:८, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला हे वचन, स्वतःचं नाव घालून लिहा. वाक्य अजून खरं वाटत असेल तर लूक १५ परत पहिल्या दिवसापासून, पेन्सिल घेऊन. माझं हे तिसरं वर्ष आहे, दर वर्षी चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात मी हे करते, या वेळी "मी कधीच दमले नाही तर" हे वाक्य दहात आलंच नाही, दुसरं एक आलंय. त्यावर सध्या बसलेय.